कु. मोनिका दोन शब्द बोलतील

हनुमंतराव देवकाते यांची मुलगी मोनिका दौंडहून पाटसला यायला निघाली आणि बारामतीला जाऊन पोचली, तिथून हे सगळं सुरू झालं. तिला झोप लागली नव्हती की गाडी चुकली नव्हती. पाटस आलेलं तिनं पाहिलं होतं. तिला न्यायला आलेले, स्टँडवरच्या रसवंतीपुढे उभे राहून उसाचा रस पिणारे वडीलही तिला दिसले होते. पण कंडक्टरनं घाईत घंटी मारली, आणि भरल्या गाडीत "थांबा, मला उतरायचंय" असं ओरडण्यापेक्षा बारामतीला गेलेलं बरं, असा तिनं विचार केला. जाता जाता तिनं खिडकीतून वडिलांना हात केला. हनुमंतरावांनीही हसून हात केला. गाडी दिसेनाशी झाल्यावर मग त्यांच्या हातातला ग्लास खाली पडला.

ही बातमी खुटबावला आबांच्या कानावर गेली नसती तर तेवढ्यावर भागलं असतं. आबा म्हणजे हनुमंतरावांचे वडील, गेणबा. हनुमंतराव साखर कारखान्यात हेड टाइमकीपर होते, कॉलनीत क्वार्टर होतं, क्वार्टरला नावाची पाटी होती. पण घरातला कुठलाही निर्णय खुटबावहून मंजूर होऊन यावा लागे. मोनिका त्या वर्षी दहावीला होती. वर्गात पहिली यायची. पुढे पुण्याला होस्टेलात राहून सायन्स शिकायचं, असं तिनं आईच्या कानात सांगितलं होतं आणि आईनं, म्हणजे धुरपदाबाईंनी, ते घरभर मोठ्यानं सांगितलं होतं.

"पुन्याला?" आबा म्हणाले. "जिला येष्टी थांबवता येत न्हाई, तिला पुन्यात सोडायची? तिथं कुनी इचारलं, तुझं नाव काय, तर सांगंल का ही?"

मोनिका खाली बघून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती.

"हुशार आहे हो आबा," धुरपदाबाई पदर सावरत म्हणाल्या.

"हुशार हाय त्ये दिसतंय. पर हुशारी तोंडातनं भाईर नगं का पडाया? शंभर मानसांत उभी ऱ्हाऊन दोन शब्द बोलू दे, मग न्या खुशाल. न्हाईतर बारावीपत्तुर हितंच शिकू दे, मग बघू."

आबांच्या 'बघू'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. मोनिकाच्या दोन्ही आत्यांच्या वेळी आबा असंच 'बघू' म्हणाले होते, आणि पुढच्याच उन्हाळ्यात दारात मांडव पडला होता.

हनुमंतरावांनी हे काम अंगावर घेतलं. कारखान्यातल्या हजार माणसांना त्यांनी वेळेवर यायला शिकवलं होतं. घरातल्या एका मुलीला बोलायला शिकवणं त्यांना अवघड वाटलं नाही. ते स्वतः आयुष्यात कधी माईकपुढे उभे राहिले नव्हते, पण पोहायला शिकवणाऱ्यानं पाण्यात उतरलंच पाहिजे असं थोडंच आहे?

शेजारच्या क्वार्टरमध्ये साहेबराव साळवे राहत. ते कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते आणि जयंतीपासून सोसायटीच्या सभेपर्यंत सगळीकडे बोलत. चहा पिता पिता ते म्हणाले, "हे बघा देवकाते, मुलीला बोलण्याची भीती नसते, ऐकणाऱ्यांची असते. आधी तिला जिथं ऐकणारं कुणी नाही तिथं बोलू द्या."

सल्ला उत्तम होता. बिघडलं ते अंमलबजावणीत. ऐकणारं कुणी नाही अशी जागा म्हणून हनुमंतरावांनी कॉलनीमागचा उभा ऊस निवडला. मोनिकाला त्यांनी उसात आत उभं केलं, 'स्त्रीशिक्षणाचे महत्त्व' हा विषय दिला आणि स्वतः बांधावर कान देऊन थांबले. बराच वेळ पाचटाची सळसळ सोडून काही ऐकू आलं नाही. मग ते थोडे आत गेले आणि ओरडले, "मोठ्यानं!" आणखी आत जाऊन ओरडले, "अजून मोठ्यानं! काही ऐकू येत नाही!"

त्या हंगामात बिबट्याची आवई उठली होती, त्यामुळे शिवारातली माणसं आधीच सावध होती. उसातून कुणीतरी ओरडतंय म्हटल्यावर काठ्या-कुऱ्हाडी घेऊन घोळका जमला.

"कोन हाय रं आत? भाईर ये!"

हनुमंतराव बाहेर आले. पातीनं चेहऱ्यावर ओरखडे उठले होते, केसांत पाचट होतं.

"मी देवकाते. टाइम ऑफिसचा. मुलीचं भाषण घेतोय."

"कुठं हाय मुलगी?"

"ती काय, आत. मोनिका, सांग गं यांना!"

मोनिकानं आतून मान हलवली. ती कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, काठ्या खाली घेतल्या, आणि त्यातल्या एका म्हाताऱ्यानं हनुमंतरावांच्या खांद्यावर हात ठेवून फार मायेनं त्यांना घरापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात ज्यानं त्यानं त्यांना विचारलं, "साहेब, झोप लागती ना बरी?" ज्या माणसाकडे बघून लोक घड्याळ लावायचे त्याला हा प्रश्न किती झोंबला असेल! त्यांनी त्या आठवड्यात उशिरा येणाऱ्या एकालाही सोडलं नाही.

अशात वडगाव रासाईचे तात्याबा वारले. हे धुरपदाबाईंचे मामा. वय झालेलं, भरल्या घरातून गेले, त्यामुळे दशक्रियेला भीमेच्या काठी मोठी गर्दी. आपल्याकडे दशक्रियेला भाषणं होतात हे सांगायला नकोच. पिंड ठेवलेले असतात, कावळा यायचा असतो, आणि तोवर गावोगावचे पुढारी माईकवरून श्रद्धांजली वाहतात. तात्याबांचा कावळा काही येईना. तो समोरच्या बाभळीवर बसून होता. "तात्याबा, विहिरीचं काम पुरं करू," थोरला मुलगा म्हणाला. "धाकट्याचं लगीन करू," त्याचे चुलते म्हणाले. जे जे राहिलं असेल ते ते हात जोडून कबूल करून झालं. माईकवर एक माजी सभापती गरजत होते, भोंगा थरथरत होता, कावळा बाभळीवरच होता.

हनुमंतराव मात्र कावळ्याकडे बघत नव्हते, ते माणसांकडे बघत होते. सगळे माना खाली घालून बसलेले. वक्त्याकडे कुणी बघत नव्हतं. कुणी हसत नव्हतं. एका वक्त्याला पुढचं सुचेना म्हणून तो मध्येच थांबला, तर शेजारचा हळूच म्हणाला, "भावना अनावर झाल्या बिचाऱ्याला." हनुमंतरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं आपण इथं नुसते डोक्याला टॉवेल बांधून बसत होतो! शिकाऊ वक्त्याला याहून चांगली सभा शोधून सापडली नसती. त्यांनी उठून सूत्रसंचालकाच्या कानात सांगितलं, आणि भोंग्यातून आवाज आला, "तात्याबांची नात, कुमारी मोनिका दोन शब्द बोलतील."

बायकांत बसलेली मोनिका पांढरीफटक पडली. पण नाही म्हणायचं तर तेही चारचौघांत म्हणावं लागलं असतं, म्हणून ती उठली. माईकपुढे उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. एक शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते खरं तर वडिलांवरच्या रागानं येत होतं, पण लोकांना काय माहीत? सगळीकडे शांतता झाली. मग एका म्हातारीनं हुंदका दिला, तिचं बघून दुसरीनं दिला, आणि सगळा घाट रडायला लागला. माजी सभापतींनीसुद्धा चष्मा पुसला. आणि त्याच वेळी बाभळीवरचा कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

"पोरीच्या मायेला आला," माणसं म्हणू लागली.

आठवड्याच्या आत हनुमंतरावांच्या दारात जीप उभी राहिली. राहू गावाकडचे कुणी पाहुणे होते. "आमच्या आप्पांची दशक्रिया हाय. ताईंना दोन शब्द बोलाया पाठवा. न्हाई बोलल्या तरी चालंल." मोनिका गेली, उभी राहिली, चार-दोन शब्द ओठांतल्या ओठांत पुटपुटली आणि थांबली. कावळा शिवला. मग पारगावहून जीप आली, न्हावऱ्याहून आली. मोनिका जीपमध्ये बसून भूमितीची प्रमेयं पाठ करायची आणि उतरून श्रद्धांजली वाहायची.

साहेबरावांना कावळ्याचं हे प्रकरण मुळीच पटलं नव्हतं. "अहो देवकाते, साधी गोष्ट आहे. बाकीचे भोंग्यावर बोंबलतात, म्हणून कावळा बाभळीवरून उतरत नाही. तुमची मुलगी गप्प उभी राहते, तेवढ्यात तो जेवून घेतो."

हनुमंतरावांना हे पटलं, पण सांगायचं कुणाला? ते दुसऱ्याच विवंचनेत होते. प्रत्येक दशक्रियेला रजा लागत होती, आणि मयताच्या नावाखाली रजा घेणाऱ्यांचा बंदोबस्त त्यांनीच कडक केला होता. कामगारांचे खोटे मामा आणि खोट्या चुलत्या त्यांनी इतक्या वर्षांत किती पकडल्या होत्या! आता लेबर ऑफिसरनं त्यांनाच समोर बसवलं. "देवकाते, एका महिन्यात तुमच्या घरातली किती माणसं गेली हो? कारखान्यातर्फे सांत्वनाला यायला पाहिजे." रजेच्या अर्जावर 'मयताशी नाते' असा रकाना होता. त्यात 'मुलीच्या भाषणाचा विषय' असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. अर्ज वरपर्यंत गेला आणि तिथल्या प्रत्येक टेबलावर मोठ्यानं वाचला गेला, हे शिपायानं त्यांना मुद्दाम येऊन सांगितलं.

इकडे मोनिकाचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. दशक्रियेच्या घरी पोचली की ती आत बायकांत जाऊन बसायची. भांडी घासू लागायची, आणि हळूच विचारायची, "आजी कशा होत्या हो?" चुलीपाशी विचारायला माईक लागत नव्हता. बायका सांगत जायच्या. मग माईकपुढे तिच्या तोंडून वाक्यं यायला लागली. 'थोर', 'प्रेमळ', 'कर्तृत्ववान' असलं काही नाही. शिरूरला घोडनदीच्या काठी जाईबाई नावाच्या आजींबद्दल ती म्हणाली, "त्या रोज एक भाकरी जास्तीची करायच्या. कुणी विचारलं कुणासाठी, तर म्हणायच्या, येईल त्याच्यासाठी. आणि कुणीतरी यायचंच." तिथं बसलेल्या माणसांनी माना वर केल्या. त्यांतल्या कितीकांनी ती भाकरी खाल्ली होती.

मोनिका बोलत राहिली. आजींनी सुनेला लपून सायकल कशी शिकू दिली, तेही तिनं सांगितलं. सून तोंडाला पदर लावून रडता रडता हसली. पण कावळा येईना. भोंगा चालू, कावळा लिंबाच्या शेंड्यावर. साहेबरावांचा हिशेब चोख ठरत होता. यजमान अस्वस्थ झाले. ते माईकपाशी गेले आणि दबक्या आवाजात, पण माईकमध्येच, म्हणाले, "ताई, गप ऱ्हावा की जरा. गप उभं ऱ्हायला बोलावलंया तुमास्नी."

हनुमंतरावांना वाटलं, संपलं. आता पोरगी मटकन खाली बसणार. मोनिकाचे कान लाल झाले. तिनं माईकची दांडी घट्ट धरली.

"माझं अजून संपलं नाही," ती म्हणाली.

आणि संपेपर्यंत बोलली. कावळा दुपारपर्यंत आला नाही. यजमानांनी परतीला जीप दिली नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. बापलेक शिरूर स्टँडवरून येष्टीत बसली. चौफुल्याला कंडक्टर गाडी थांबवायला विसरला तेव्हा मोनिका मागच्या सीटवरून ओरडली, "ओ, थांबवा! आम्हाला उतरायचंय!" हनुमंतरावांना इतका आनंद झाला की उतरल्यावर त्यांनी कंडक्टरचे आभार मानले. कंडक्टरला त्यातलं काहीच कळलं नाही.

त्यानंतर जीपा बंद झाल्या. 'पोरगी आता लई बोलती' अशी बोलवा झाली. हनुमंतरावांनी ती बातमी पेढे घेऊन खुटबावला नेली.

आबांनी पेढा तोंडात टाकला, पण निकाल दिला नाही. "मेलेल्या मानसाबद्दल कुनीबी बोलंल. त्यो काय उठून इचारनार हाय, की हे खोटं का बोललास म्हनून? जित्या मानसाम्होरं बोलू दे."

हे ऐकून हनुमंतराव खचले, पण धुरपदाबाई खचणाऱ्यांतल्या नव्हत्या. "बरं," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात तुमची पंच्याहत्तरी करायचीय. तुमच्याबद्दलच बोलू द्या तिला. तुमच्याएवढा जिता माणूस आम्ही कुठून आणायचा?"

आबांना पंच्याहत्तरीचा मांडव मोठा हवा होता. ते अडकले.

दहावीची परीक्षा झाली, मे उजाडला, आणि खुटबावच्या वस्तीवर मांडव पडला. भावकी जमली, कारखान्याचे लोक आले, साहेबराव सफारी घालून पुढच्या रांगेत बसले. सुनांनी कणकेच्या पंच्याहत्तर दिव्यांनी आबांना ओवाळलं. हनुमंतरावांचं मात्र कशात लक्ष नव्हतं. त्यांना एकच धास्ती होती. पोरीनं इतक्या श्रद्धांजल्या वाहिल्या होत्या की दुसरं काही तिच्या तोंडातून येईल याची खात्री नव्हती. सकाळपासून ते तिच्या मागं मागं फिरत होते.

"मोनिका, आबा हयात आहेत हे विसरू नको."

"हो पप्पा."

"समोरच बसलेत. फेटा बांधून."

"दिसतायत मला, पप्पा."

बरेच लोक बोलून गेले. आबा वटवृक्ष ठरले, दीपस्तंभ ठरले. आबांनी दोन जांभया दिल्या. मग भोंगा म्हणाला, "आता आबांची नात, कुमारी मोनिका दोन शब्द बोलतील."

मोनिका उठली. माईक स्वतः खाली करून घेतला.

"आबा समोर बसलेत, म्हणून सगळे चांगलं चांगलं बोलले," ती म्हणाली. "मला असं बोलायची सवय नाही. मला फक्त गेलेल्या माणसांबद्दल बोलता येतं. तर आबांची परवानगी असेल, तर ते गेलेत असं धरून बोलते."

"अगं बया!" थोरल्या आत्या म्हणाल्या. साहेबरावांनी खोकल्यासारखं केलं. हनुमंतरावांनी डोळे मिटून घेतले आणि कुठल्या बाजूनं मांडवाबाहेर पडता येईल याचा अंदाज घेतला.

आबांनी काठीवर हनुवटी टेकली. "धर," ते म्हणाले. "बघू तरी काय म्हनतीस."

"आबा लहानपणी मेंढरांमागं हिंडले," मोनिका बोलू लागली. "शाळा त्यांनी एकदाच आतून पाहिली. मेंढरं आत शिरली होती, ती हाकलायला गेले तेव्हा. गुरुजींनी मेंढरांना सोडून आबांना मारलं." लोक हसले. आबाही हसले. "पुढं कालव्याचं पाणी आलं, आबांनी मेंढरं विकून जमीन केली. एक मेंढी ठेवली. ती मेली तेव्हा दिवसभर जेवले नाहीत, आणि सगळ्यांना सांगितलं की पोट दुखतंय." आता आबा हसत नव्हते. "आजी आजारी होत्या तेव्हा आबा दौंडच्या दवाखान्यात दाराशी उभे असायचे. डॉक्टर जाता-येता दिसायचे. आजींना काय झालंय, बऱ्या होतील का, हे आबांना विचारायचं होतं. पण इंग्रजी बोलणारा माणूस, आपण धोतरातले, विचारायचा धीर झाला नाही. आजी गेल्या. काय झालं होतं ते आबांना शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून आपल्या घरातलं माणूस बोललं पाहिजे असं आबांना वाटायचं. फार वाटायचं."

हनुमंतरावांनी डोळे उघडले. आईच्या आजारपणात ते नुकते नोकरीला लागले होते आणि रजा मिळाली नव्हती. दवाखान्यातली ही गोष्ट त्यांना आज पहिल्यांदा कळत होती. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"आबांची एकच इच्छा राहून गेली," मोनिका म्हणाली. "नातीला पुण्याला शिकायला पाठवायचं त्यांनी कबूल केलं होतं. पण..."

आणि ती गप्प उभी राहिली. मुद्दाम. कुठे गप्प व्हायचं आणि किती वेळ, हे सबंध तालुक्यात तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

इतक्या दशक्रिया पाहिलेली माणसं ती. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली म्हटल्यावर काय करायचं असतं, ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं. आबांचे चुलतभाऊ मल्हारनाना पहिल्या रांगेतून डोळे पुसत उठले, आबांकडे बघून त्यांनी हात जोडले आणि गहिवरून म्हणाले, "गेनबा, काळजी करू नगंस. पोरीला आमी पुन्याला धाडतो!"

"व्हय, व्हय, धाडतो!" मागून भावकी उठली. "निवांत ऱ्हावा आबा!" आत्यांनी तर पदर पसरून कबूल केलं. हात जोडून उभा राहिलेला सगळा मांडव आबांच्या उत्तराची वाट बघू लागला.

"आरं मी जिता हाय आजून!" आबा ओरडले.

मल्हारनाना दचकून खाली बसले, आणि मांडवात असा हशा उठला की भोंगेवाल्यानं घाबरून बटण बंद केलं. आबांनी उपरण्यानं डोळे पुसले, मग नाक पुसलं, आणि काठी टेकत माईकपाशी आले. माईक बंद होता, पण आबांना त्याची गरज नव्हती.

"धाडा हिला पुन्याला," ते म्हणाले. "उद्याच धाडा. आनखी म्हैनाभर हितं ठिवली तर वावरबी नावावर करून घ्यायची."

पंगती बसल्या. हनुमंतराव बुंदी वाढत फिरत होते आणि ज्याला त्याला, विचारलं नसताना, "माझी मुलगी," असं सांगत होते. आबांनी मोनिकाला खुणेनं आपल्याशेजारी पाटावर बसवून घेतलं. बराच वेळ ते पत्रावळीतला भात नुसता कालवत राहिले.

"दवाखान्याचं कुनी सांगितलं गं तुला?" त्यांनी हळूच विचारलं. "हनुमंतालाबी ठावं न्हाई त्ये."

"तुम्हीच सांगितलंत, आबा."

"म्या? कवा?"

"वावरात जाताना. लहानपणापासून सगळं मलाच सांगत आलात तुम्ही," मोनिका म्हणाली. "मी काही बोलायचे नाही ना, म्हणून."